बैल वळतो तशी ओळ

आजोबांनी वर्तमानपत्राची घडी घालून माझ्याकडे सरकवली. "घे टकळे, तूच वाच आता. माझं वाचन संपलं."

मी टकळी, कारण माझं तोंड कधी बंद नसतं. पण हे काही मला पटेना. चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस 'वाचन संपलं' म्हणतो?

आजारपणानंतर त्यांचं असं व्हायचं, की ओळ छान वाचायचे, पण टोकाला पोचून परत डावीकडे येताना नजर भरकटायची. कधी तीच ओळ पुन्हा, कधी दोन ओळी खाली. पट्टी ठेवून पाहिली, बोट ठेवून पाहिलं. मग चिडायचे. चिडून गप्प बसायचे, ते तर फारच वाईट.

शाळेत आम्हाला प्रत्येकी एक विचित्र इंग्रजी शब्द शोधून त्यावर निबंध लिहायचा होता. शब्दकोशात मला सापडला 'बुस्ट्रोफेडन'. चक्क क्रियाविशेषण, तेही ग्रीकमधून आलेलं! 'बूस' म्हणजे बैल, 'स्ट्रोफी' म्हणजे वळण, आणि शेवटचं 'डॉन' म्हणजे 'त्या रीतीने'. नांगराचा बैल शेताच्या टोकाला पोचला की रिकामा मागे येतो का? तिथेच वळतो आणि उलट्या दिशेने नांगरत निघतो. फार जुने ग्रीक लोक दगडावर तसंच लिहायचे. एक ओळ इकडून तिकडे, पुढची तिकडून इकडे, अक्षरंसुद्धा उलटी.

मी भर वर्गात ओरडले, "आजोबा!"

बाई म्हणाल्या, "कोण, मी?"

घरी येऊन आजोबांना पत्र लिहायला बसले. दर दुसरी ओळ आधी पातळ कागदावर लिहायची, तो पालथा करून खिडकीच्या काचेवर धरायचा आणि वर पत्र ठेवून उलटी अक्षरं गिरवायची. आई म्हणाली, "गणिताला एवढी बसली असतीस तर!"

आजोबा पहिली ओळ वाचत टोकाला आले. त्यांनी बोट उचललंच नाही. ते तिथेच खाली घसरलं आणि डावीकडे चालू लागलं. उलट्या अक्षरांचं त्यांना काय कौतुक! जन्मभर खिळ्यांवर तीच पाहिलेली.

बारा ओळी. एकदाही चुकले नाहीत. शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं, 'तुम्ही वाचल्याशिवाय माझा निबंध बाईंना देणार नाही.'

त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"सहाव्या ओळीत," ते म्हणाले, "एक 'ग' सुलटा राहिलाय. छापखान्यात नसतं चाललं हे."

"दुरुस्त करते ना!"

"कर. आणि तो निबंध आण. बैल जुंपून."