रविवारी, आई

क्लाइव्हने छतातला दांडा पुन्हा केसभर फिरवला. त्यांच्या राहत्या गाडीच्या टपावर टीव्हीची डिश कुरकुरली. टीव्हीवर चौकोनी तुकडे नाचले, कुणाचा तरी अर्धा चेहरा आला आणि गेला.

"थांब, थांब. होतं आत्ता," ग्लेनिस म्हणाली.

"मी थांबलोच आहे. वारा थांबत नाहीये."

भिंतीवरच्या घड्याळात सहा पंचवीस झाले होते. बाहेर स्पेनमध्ये साडेसात वाजत आले होते, पण पाइनच्या झाडांखालच्या इंग्लिश गाड्यांच्या या रांगेत ते कुणी मोजत नसे. चहा, जेवण, झोप, सगळं इंग्लंडच्या वेळेवर. बातम्याही इंग्लंडच्याच, आणि त्याही लंडनच्या नव्हे, आपल्या जिल्ह्याच्या. क्लाइव्हने नोव्हेंबरात आल्या आल्या दोन दिवस खटपट करून ती वाहिनी लावली होती. तिच्यावरच हॅझलफर्डची नदी दिसायची, आणि त्या नदीच्या काठी ग्लेनिसची आई राहायची. वय शहाऐंशी, एकटी. मोबाइल घ्यायला तिने साफ नकार दिला होता.

कालपासून तिचा फोन नुसता वाजत होता. ग्लेनिसने आज सकाळपासून अकरा वेळा लावला होता. पूरग्रस्तांच्या मदतीच्या नंबरवर एक बाई गोड आवाजात म्हणाली होती की याद्या अजून तयार होतायत, उद्या फोन करा.

"तारा तुटल्या असतील," क्लाइव्ह म्हणाला. दुपारपासून तो हेच म्हणत होता.

"तारा तुटल्यावर रिंग वाजते का?"

त्याने पुन्हा दांड्याला हात घातला. तिच्या हातात कपबशी पुसायचं फडकं होतं आणि ती त्याची कडा बोटाला गुंडाळून सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

निघताना त्यांनी आईला चार आठवडे सांगितले होते. मग हवा छान निघाली, क्लाइव्हचे गुडघे दुखायचे थांबले, आणि चाराचे अकरा झाले. रोज सहा वाजता फोन व्हायचा. आई शेवटी विचारायची, "कधी येताय?" ग्लेनिस म्हणायची, "रविवारी, आई." येत्या की त्यापुढच्या, हे आईने कधी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही. सोमवारी पुन्हा तोच प्रश्न, जणू मधला रविवार उजाडलाच नव्हता. म्हातारीला आता लक्षात राहत नाही, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं. ते सोयीचं होतं. बोटीचं तिकीट फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेलं होतं, मार्चअखेरचं.

बाहेरून शेजारच्या केनची हाक आली. "क्लाइव्ह, ते भांडं मोडीत काढ आता. आमच्याकडे या, आरशासारखं दिसतंय."

"आमचंही दिसतंय," क्लाइव्ह ओरडला आणि दातओठ खात दांड्याला शेवटचा हिसका दिला.

आणि खरंच दिसलं.

गढूळ पाणी, बुडालेला बसथांबा, पुलाची कमान नाकापर्यंत पाण्यात. मग आईच्याच गल्लीचं टोक.  ग्लेनिसने फडकं तोंडाशी धरलं. दारांपुढे वाळूची पोती होती आणि पाणी त्यांच्यावरून आत जात होतं. आईचं दार दिसायच्या आतच चित्र बदललं. शाळेचा हॉल, ओळीने खाटा, कागदी पेले.

सगळ्यांच्या पुढे, अगदी कॅमेऱ्यासमोर, आई बसली होती. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पर्स मांडीवर.

"आहे," ग्लेनिस म्हणाली. "आहे रे." ती मटकन खाली बसली. तिला हसू येत होतं आणि डोळे वाहत होते.

बातमीदार पोरगी आईपुढे वाकली. "आजी, इथे किती दिवस राहणार?"

"शनिवारपर्यंत. मी सांगून ठेवलंय त्यांना, पुढे खाट नको म्हणून. रविवारी मुलगी येतेय."

"जवळच असते का?"

"स्पेनमध्ये." आईने पर्सची कडी उघडली, बंद केली. "दर रविवारी येते म्हणते. अकरा झाले. पण रोज बघते हो तुमच्या बातम्या, तिकडे बसून. म्हणून तर मी सगळ्यात पुढची खुर्ची घेतली."

पोरगी हसली. आई हसली नाही. ती सरळ समोर बघत होती. मग हवामानाचा नकाशा आला.

क्लाइव्हने घसा साफ केला. "सुखरूप आहे. मी म्हणालो नव्हतो? तारा तुटल्या नसतील, पण—"

ग्लेनिस उठली. फडकं घडी करून नळावर टाकलं, खुर्चीवर चढली आणि छतातला दांडा दोन्ही हातांनी उलटा फिरवू लागली. पडद्यावरचा नकाशा फाटत गेला.

"अगं, फुटबॉल व्हायचाय अजून."

"आज गुरुवार आहे," ती म्हणाली. "आत्ता निघालो तर उद्या रात्री सीमेपलीकडे असू. शनिवारी बोट."

"तिकीट मार्चचं आहे."

"मग बदलून घे."

 क्लाइव्हने फ्रिजवरचं तिकीट काढून खिशात घातलं आणि विजेची तार सोडवायला बाहेर गेला. टपावर डिश आडवी झाल्याचा धप्प आवाज झाला.

केन आपल्या पायरीवर पेला घेऊन उभा होता. "काय रे, गेलं ना चित्र? मी सांगतच होतो."

"नाही," क्लाइव्ह तार गुंडाळत म्हणाला. "दिसलं."