माझा कॅमेरा खराब नव्हता

मित्रांनो, मी जुना फोन आहे आणि हे मी तोंड पाडून सांगत नाही. माझा वरचा कोपरा फुटलेला आहे. चार्जिंगची वायर एका ठरावीक कोनात धरली तरच माझं पोट भरतं. पण गेल्या सहा वर्षांत मला आलेला एकही निरोप मी गिळलेला नाही. मध्येच रेंज गेली असेल, तर तो टॉवरचा दोष.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. एका लांब पट्ट्यावर हातमोजे घातलेल्या हातांनी मला जोडलं, एवढंच आठवतं. माझं खरं आयुष्य सुरू झालं चिंचवडच्या एका दुकानात. दिवाळीच्या बोनसमध्ये सोपानराव फोन घ्यायला आले होते. बरोबर त्यांची बायको रुक्मिणी होती. दुकानदार कॅमेरा सांगत होता, मेमरी सांगत होता. रुक्मिणीने त्याला मध्येच थांबवलं.

"ते राहू द्या. ह्याचा आवाज किती मोठा येतो ते दाखवा. प्रेसवर उभं राहून ह्यांना कमी ऐकू यायलंय."

दुकानदाराने चार फोन वाजवून दाखवले. सगळ्यांत मोठ्याने मी वाजलो, म्हणून मी त्या घरात गेलो. माझ्या रूपाकडे कुणी पाहिलं नव्हतं. मला त्याचा अजून अभिमान आहे.

घर म्हणजे पुनावळ्यातल्या भाड्याच्या दोन खोल्या. दोघं परभणीकडची. सोपानराव ठेकेदारामार्फत चाकणच्या एका कंपनीत पत्रा दाबणारी प्रेस चालवायचे. पत्र्याची तबकडी आत सरकवायची, पार्ट बाहेर काढायचा, दिवसभर तेच. रुक्मिणी पिंपळे सौदागरच्या तीन सोसायट्यांमध्ये पोळ्या करायची. मी गावाकडच्या माणसांची तोंडं दाखवली, पगार झाल्याचे मेसेज दाखवले. मुलगी वर्षाली हिचं लग्न ठरलं तेव्हा मुलाचा फोटो आधी माझ्यावरच आला. त्या काळात माझं कौतुक व्हायचं. "आपला फोन दणकट हाय," असं सोपानराव बसमध्ये चारचौघांना सांगायचे.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. चाकणच्या कंपन्यांत आत कॅमेरा चालत नाही. पार्टचा फोटो बाहेर जाऊ नये म्हणून गेटवरचा रखवालदार प्रत्येक फोनच्या पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्यावर एकेक गोल स्टिकर चिकटवतो. सोमवारी लाल, मंगळवारी पिवळा, असा रोजचा रंग वेगळा, म्हणजे कालचा स्टिकर आज कुणी खपवू नये. सुटी झाली की कामगार तो काढून टाकतात. सोपानराव काढायचे नाहीत. त्यांची बोटं प्रेसवर काम करून जाड झाली होती, स्टिकरची कड त्यांना सापडायची नाही.

ते घरी येऊन आंघोळीला गेले, की रुक्मिणी त्यांच्या शर्टाच्या खिशातून मला काढायची. नखाने दोन्ही स्टिकर सोलायची. मग बोटाला खोबरेल तेलाचा थेंब घेऊन काचेवरचा चिकटा काढायची आणि पदराने पुसायची. नव्या स्टीलच्या भांड्यावरचं लेबल तेलाने निघतं, हे बायकांना ठाऊक असतं. तीच युक्ती तिने माझ्यावर चालवली. पाच वर्षं, आठवड्यातले सहा दिवस. सोपानराव बाहेर येईपर्यंत मी परत खिशात असायचो. तिने हे कधी सांगितलं नाही, कारण तिला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. त्यांना वाटायचं, स्टिकर आपोआप पडतात.

मग एका माघात रुक्मिणी पाच दिवसांच्या तापाने गेली.

तेराव्यानंतर सोपानराव परत कामाला लागले. गेटवर लाल स्टिकर लागला. घरी आले, आंघोळ केली, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी लालवर पिवळा लागला, तिसऱ्या दिवशी त्यावर हिरवा. काही गळून पडायचे, काही राहायचे. माझी काच झाकली गेली. अकरा महिने मी फक्त ऐकलं. सोपानराव मोठ्याने काही बोलायचे नाहीत. एकदा मात्र भाजीत मीठ दोनदा पडलं, तेव्हा ते म्हणाले, "हसू नको." खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

फोटो ते काढत नव्हते, व्हिडिओ कॉल घेत नव्हते. म्हणून माझी काच झाकली आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. ते लक्षात आलं पुढच्या पौषात.

ठेकेदाराने हजेरीचं नवं ॲप आणलं. गेटच्या बाहेर उभं राहायचं, आपल्या फोनमध्ये आपलाच चेहरा दाखवायचा, हिरवी खूण आली की हजेरी लागली. सोपानरावांनी माझ्यावरचा स्टिकरांचा थर खरवडून काढला आणि मला तोंडासमोर धरलं. मला धुक्यातून बघितल्यासारखं दिसलं. ॲपने लिहिलं, चेहरा ओळखता आला नाही. असं चार दिवस झालं. चारही दिवस त्यांनी पूर्ण पाळी भरली आणि चारही दिवस खाडा लागला.

ठेकेदाराचा सुपरवायझर शेखर. वयाने लहान, पण बोलायला तयार.

"सोपानराव, फोन बदला राव. हा फोन आहे का साबणाची वडी? आता ॲप म्हणेल तेच खरं. मग मला म्हणू नका."

"मी मशीनवर उभा होतो की न्हाई? तू बघितलं न्हाईस का?"

"मी बघितलं हो. ॲपने नाही बघितलं."

रविवारी वर्षाली त्यांना पिंपळे सौदागरच्या मोबाइलच्या दुकानात घेऊन गेली. ती तिथेच एका औषधाच्या दुकानात काम करते. काउंटरवरच्या मुलाने मला दोन बोटांनी उचललं, उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "कॅमेरा डेड, कोपरा क्रॅक. एक्स्चेंजमध्ये चारशे धरतो." मित्रांनो, मी मेलेलो नव्हतो. माझ्या काचेवर अकरा महिन्यांचा गोंद होता. पण फोनला स्वतःची बाजू मांडता येत नाही. त्याला फक्त वाजता येतं.

सोपानरावांकडे काही पैसे बाजूला ठेवलेले होते. ते रुक्मिणीच्या वर्षश्राद्धाचे होते. माघात गावी जायचं आणि सगळ्या भावकीला, तिच्या माहेरच्यांनाही जेवायला बोलवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. दवाखान्याने बाकी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. वर्षाली हळू आवाजात बोलत होती, तरी मला सगळं ऐकू आलं.

"अप्पा, हप्त्यावर घेऊ. सुरुवातीची रक्कम श्राद्धाच्या पैशातून देऊ. श्राद्ध इथंच घरी करू, आपण चार माणसं. आई काही म्हणाली असती का?"

"नसती म्हणाली."

"मग?"

"म्हणूनच करायचं. ती कधीच कशाला काही म्हणाली न्हाई. वीस वर्षं लोकांच्या घरची लग्नं, बारशी जेवून आलो आम्ही. माघारी बोलवायचं म्हटलं की दोन खोल्यांत बसवायचं कुठं? ती म्हणायची, एकदा गावी समद्यांना जेवू घालू. ते एक काम तिनं मागितलं होतं, वर्षे."

वर्षालीने डोळे पुसले आणि लगेच चिडली. "मग नोकरी जाऊ दे. त्या खाड्यांचं काय करणार आहात?"

"बघतो."

काउंटरवरचा मुलगा नव्या फोनचा खोका उघडून उभा होता. सोपानरावांनी त्याच्या हातातून मला काढून घेतलं. "चारशेत मी चप्पल बी देणार न्हाई," असं म्हणून ते बाहेर पडले.

पुनावळ्यात उतरेपर्यंत मी बंद पडायला आलो होतो. माझी बॅटरी फुगली होती, म्हणून मागचं झाकण उचललं गेलं होतं. रस्त्याच्या कडेला एहसानचं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. सोपानरावांनी मला त्याच्या टेबलावर ठेवलं. "बॅटरी बसते का बघ. कॅमेरा गेलाय, त्याचा नाद सोड."

एहसानने मला उघडलं, नवी बॅटरी घातली आणि सुरू केलं. मग भिंग डोळ्याला लावून माझी काच बघितली आणि हसला.

"काका, कॅमेरा कोण म्हणालं गेलाय? ह्याच्यावर नुसता गोंद बसलाय. चाकणला कामाला आहात ना? तिकडचे दहा फोन येतात माझ्याकडे असे." त्याने कापसाने एक थर काढला आणि थांबला. "पण तुमचं वेगळंच आहे. वरचा थर चिकट आहे. खाली कडेला तेल बसलंय, खोबरेलचं. म्हणजे आधी कुणीतरी रोज तेल लावून पुसत होतं. ते बंद झालं आणि मग हे साठलं. चांगली सवय होती, का सोडली?"

सोपानरावांनी त्याच्या हातातला कापूस घेतला आणि हुंगला. एहसानने मान वर केली.

"काय झालं काका?"

"मी न्हवतो पुसत."

एहसानने कापूस बदलला आणि दुसरी काच साफ केली, सावकाश, कडेपासून. मग कॅमेरा सुरू केला आणि मला सोपानरावांच्या समोर धरलं. अकरा महिन्यांनी मला माझा माणूस दिसला. दाढी पांढरी झाली होती, गाल बसले होते. मी त्यांना जसे आहेत तसे दाखवलं. बॅटरीचे पैसे एहसानने घेतले. पुसण्याचे मात्र घ्यायला तो तयार झाला नाही.

सोमवारी सकाळी गेटबाहेर रांग होती. सोपानरावांनी मला समोर धरलं. हिरवी खूण आली.

शेखर मागून म्हणाला, "घेतला का शेवटी नवा?"

"न्हाई. जुन्यालाच आंघोळ घातली."

रांगेत हसू फुटलं. सोपानराव हसले नाहीत, आतही गेले नाहीत. "आता माझे चार खाडे काढ," ते म्हणाले.

"ते वर विचारावं लागेल."

"विचार. मी हितंच हाय."

"पाळी सुरू होतेय सोपानराव. प्रेस उभी राहील."

"मग राहू दे. चार दिवस मी चालवली तेव्हा मी न्हवतोच म्हणतंय तुझं ॲप. आजबी न्हाई असं समज."

रांगेतल्या किसनने स्वतःचा फोन पुढे केला. त्याच्या काचेवरही तसाच गोंद होता आणि त्यालाही दोन खाडे लागले होते. दिग्विजय नावाच्या माणसाने तर शुक्रवारीच हप्त्यावर नवा फोन घेतला होता. तो आपला जुना फोन खिशातून काढून त्याच्या काचेकडे बघत राहिला आणि एक शिवी त्याने गिळली. कुणी आत जाईना. भोंगा वाजला. शेखर फोनवर बोलत दहा पावलं लांब गेला, परत आला आणि त्याने सोपानरावांच्या समोर मशीनवरच्या उत्पादनाच्या कागदावरून चार हजेऱ्या भरल्या. किसनच्या दोन भरल्या. मगच सोपानराव गेटकडे वळले. रखवालदार स्टिकर घेऊन पुढे आला, तेव्हा त्यांनी बसच्या तिकिटाचा कपटा फाडून माझ्या काचेवर धरला. "ह्याच्यावर लाव. काचेला लावायचा न्हाई." रखवालदाराने लावला.

माघात आम्ही गावी गेलो. देवळापुढच्या मोकळ्या जागेत पंगत बसली. रुक्मिणीची म्हातारी मावशी सोजराबाई तिसऱ्यांदा भात मागत होती आणि सोपानराव स्वतः वाढत होते. वर्षालीने मला उंच धरून सगळ्या पंगतीचा फोटो काढला. शेवटचा माणूस बराच लांब बसला होता. त्याच्या पानातली आमटीही मी स्वच्छ दाखवली.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी जुनं असेल. त्याला दिसेनासं झालं, ऐकू येईनासं झालं, की आधी ते हातात घेऊन नीट बघा, पुसा, मग बोला. आजवर ते कुणी चालू ठेवलं, हेही विचारा. मला दया नको आहे. मी कायम टिकणार नाही हे मला कळतं. माझ्या आतलं काहीतरी एक दिवस खरंच जळेल, तेव्हा नवा आणा, माझी तक्रार नाही. पण तो दिवस माझा मी सांगेन. काउंटरवरच्या मुलाने सांगायचा नाही.