जाड्या मिठाचा डबा

"सोयाबीनच्या गार रश्शात साखर घालणाऱ्या माणसावर देशाची सीमा सोपवू नये!"

बुटक्या जेवणमेजावर हात आपटून गू दोक-मान यांनी हे जाहीर केलं. त्या वेळी स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता आणि त्यांची कवळी खिडकीतल्या पेल्यात होती. त्यामुळे हे विधान फक्त पंख्यापर्यंत पोचलं. पंख्याने डावीकडून उजवीकडे सावकाश मान हलवून ते फेटाळलं.

मिक्सर थांबला. त्यांची सून ओक-जू कपाळावरचा घाम दंडाला पुसत दारात आली.

"काही म्हणालात, मामंजी?"

दोक-मान यांनी कवळी बसवली, पण तेच वाक्य पुन्हा म्हणण्याइतका दम आता उरला नव्हता.

"मीठ," ते म्हणाले. "मीठच घाल, एवढंच."

"मीठच घालतेय. तीस वर्षं या घरात मीठच खातेय मी."

"तुझ्या माहेरचा, त्या मोकपोचा भरवसा नाही. तिथे समुद्राचं पाणीसुद्धा गोड करून पीत असाल."

"आणि तुमच्या देगूत माणसं नुसत्या हवेवर उकडून निघतात. वरून मीठ लावलं की झालं."

या भांडणात पूर्वी एक तिसरा आवाज असायचा. 'पुरे आता, नूडल्स फुगतील,' म्हणून तो दोघांनाही गप्प करायचा. आज तेवढी जागा रिकामी गेली. कपाटावरच्या फोटोकडे पाहायचं दोघांनीही टाळलं.

त्यांची बायको जोंग-इम मे महिन्यात गेली. तेव्हापासून दोक-मान यांचं वजन अकरा किलोंनी उतरलं होतं. शहराच्या वजनमापं खात्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती, त्यामुळे हा आकडा त्यांनी डॉक्टरांना काट्याकडे न बघताच सांगितला, आणि तोही एखाद्या लबाड दुकानदाराची तक्रार नोंदवावी तसा. मंगळवारी ते गल्लीत चक्कर येऊन पडले. मग उल्सानच्या गोदीतून मुलाचा, थेइलचा, फोन आला. रविवारपर्यंत बाबांनी एक वाडगा जेवण नीट संपवलं नाही तर सोमवारी सकाळी मी गाडी घेऊन येतो, म्हाताऱ्यांच्या इस्पितळात खाट सांगून ठेवली आहे, असं तो म्हणाला. त्या इस्पितळात शेजारचे दोन जण गेले होते. परत कुणी आलं नव्हतं.

आज रविवार होता.

ओक-जू त्याआधीच्या शनिवारीच नऊ दिवसांची रजा काढून बसने आली होती. तिने काही करायचं ठेवलं नव्हतं. पोटात चिकट तांदूळ, लसूण, खजूर आणि जिनसेंग भरून अख्खी कोंबडी उकळली. दोक-मान यांनी तिच्यातला एक खजूर काढून खाल्ला आणि कोंबडीची क्षमा मागितल्यासारखी मान लववली. तिने ईल मासा भाजला, कालवांची पेज केली. प्रत्येक वेळी तोच निकाल मिळाला.

"चांगलं आहे. पण तिच्या हातचं नाही."

त्यावर अपील कुठे करणार?

आज मालबोक, उन्हाळ्याच्या तीन कडक दिवसांतला शेवटचा. घाम काढून उन्हाळा उतरवायला सगळं देगू उकळत्या कोंबडीसाठी खानावळींपुढे रांगा लावून उभं होतं. सकाळी दोक-मान मात्र आपणहून म्हणाले होते, "कोंगगुकसू कर." सोयाबीनच्या गार रश्शातले हे नूडल्स ही नऊ दिवसांत त्यांनी तोंडाने मागितलेली पहिली गोष्ट होती. ओक-जूने रात्रीच भिजत घातलेलं सोयाबीन बेताचं उकडलं, दाणा दाणा चोळून सालं काढली, बर्फाच्या पाण्यात वाटलं. म्हातारा स्वयंपाकघराच्या दाराशी मेज ओढून बसला होता. तिथून ओट्यावरचं सगळं दिसत होतं.

तिने वाडगा समोर ठेवला. पांढराशुभ्र दाट रस्सा, त्यात गव्हाचे नूडल्स, वर काकडीचा बारीक कीस आणि दोन बर्फाचे खडे. दोक-मान यांनी एक चमचा रस्सा तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला आणि चमचा खाली ठेवला.

"नाही."

"अजून मीठ घालू?"

"नको."

काय कमी आहे, हे ओक-जूला ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिने आपल्या वाडग्यात माहेरच्या सवयीने साखर घातली, तेव्हा सासरे पानावरून उठून गेले होते. सासूने भांडी विसळताना तो उरलेला रस्सा बोटाने चाखला. मग दारामागे उभी राहून सगळा वाडगा संपवला. त्या दिवसापासून ती नवऱ्याच्या रश्शात चिमूटभर मीठ आणि चमचाभर साखर घालायची. 'ही खरी देगूची चव!' असं दोक-मान पाहुण्यांना ऐकवायचे. साखर ठेवायला तिने वेगळा पत्र्याचा डबा केला होता आणि त्यावर आपल्या गोल अक्षरात चिठ्ठी लावली होती: 'जाडं मीठ'.

शेवटच्या दिवसांत सासूने ओक-जूचा हात धरला होता. "त्यांना कळू देऊ नकोस हं," ती म्हणाली होती. "एवढं मोठं बोलून बसलेत. लाजतील."

म्हणून ओक-जूने आताही त्या डब्याला हात लावला नव्हता. मेजावर तिचा फोन थरथरला. पडद्यावर थेइलचं नाव आलं. दोघांनीही ते पाहिलं. फोन थरथरून थांबला.

दोक-मान चौकट धरून उठले. ओट्याजवळ गेले. सोया सॉसच्या बरणीमागे हात घालून त्यांनी तो पत्र्याचा डबा काढला. आधी दोन्ही हातांनी धरला, मग उजव्या तळव्यावर घेतला आणि तसेच उभे राहिले. बाजारात दुकानदाराचं माप ते असंच तळव्यावर घेत. आतून पोखरलेलं वजन त्यांना काट्याशिवाय कळायचं. एवढा डबा जाड्या मिठाने भरलेला असता, तर तो साखरेहून जड भरला असता; आताच्या त्या हाताला पेलला नसता. हात जागचा हलला नाही.

"तुझ्या सासूचं मीठ," ते म्हणाले. "हे घाल."

ओक-जूने डबा हातात घेतला. "किती घालू, मामंजी?"

"एक चमचा. शीग लावून."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते.

तिने झाकण उघडलं, चमचा भरला, रश्शात रिता केला आणि ढवळलं. दोक-मान परत येऊन बसले. त्यांनी एक घोट घेतला. मग नूडल्स खाल्ले, सावकाश, मध्ये न थांबता. शेवटी वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला, आणि रिकाम्या वाडग्यात बर्फाचा उरलेला खडा वाजला. त्यांनी गळ्यातला पंचा तोंडावर घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. उन्हाळा होता. घाम येणारच.

ओक-जूने फोन उचलला. "गाडी नको," एवढंच ती नवऱ्याला म्हणाली.

तिचा स्वतःचा वाडगा ओट्यावर तसाच होता. दोक-मान यांनी तो मेजावर मागवला आणि डबा तिच्याकडे सरकवला.

"तूही घे मीठ."

ती बसली. तिने चमचा भरला. थोड्या वेळाने त्यांनी डब्यावरून अंगठा फिरवला आणि घसा खाकरला.

"सूनबाई, ही चिठ्ठी सुटत आलीय. घरात डिंक असला तर जरा नीट चिकटवून दे."