जाड रेघेतला देव

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर महाराज, शेजारी कॉम्प्युटर आणि त्याला चिकटलेला चेला. रोग्याचं नाव घातलेला मंत्र छापून बाहेर यायचा आणि गर्दी श्वास रोखून ओळींच्या शेवटच्या उभ्या रेघा बघायची. बारीक आल्या तर रोग अजून ठाण मांडून आहे. जाड आल्या की महाराज गरजायचे, "देव उभा राहिला! औषध बंद, आपली भुकटी चालू!" लोक माना डोलवायचे. अक्कल सगळ्यांनी चपलांबरोबर दाराबाहेरच काढून ठेवली होती.

छापखान्यात मजकूर जुळवणारी ताई मागच्या रांगेत आपल्या दादाशेजारी बसून धुमसत होती. सोमवारी त्याच्या रेघा जाड आल्या होत्या. चार दिवस त्याने इन्सुलिनला हात लावला नव्हता आणि पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती.

"दादा, दाखव तो कागद."

"हळू बोल गं! देव आहे त्यात."

कागद पाहिला आणि तिचं डोकंच सणकलं. ही रेघ तिच्या चांगलीच ओळखीची होती. गेल्या वर्षी हिच्यापायी शाळेचं अख्खं पुस्तक पुन्हा छापावं लागलं होतं आणि मालकाने तिला फैलावर घेतलं होतं.

ती तरातरा व्यासपीठावर चढली. चेला अडवायच्या आत तिने मंत्र पुसला, 'झाडू। साबण। फिनेल।' असं टाइप केलं, यादीतला खालचा, दादाच्या कागदावरचाच फॉन्ट निवडला आणि कागद काढला. रेघा जाडजूड!

"घ्या महाराज, देव फिनेलमध्येही उभा राहिला."

"यंत्र विटाळलं!" महाराज किंचाळले.

"यंत्राला कशाला बोल लावता? या फॉन्टमध्ये अक्षरं आहेत, पण ही रेघच नाही. ती बऱ्याच लिप्यांत सामाईक आहे. म्हणून कॉम्प्युटर शेजारच्या लिपीच्या फॉन्टकडून ती उसनी आणतो. त्या शेजाऱ्याची रेघ जाड. वरच्या फॉन्टमध्ये स्वतःची बारीक रेघ आहे. तो निवडला की हा दुसरा कागद बघा, देव रोडावला! कुणाला कुठला फॉन्ट द्यायचा, ते तुमचा चेला ठरवतो."

चेल्याने केव्हाच काढता पाय घेतला होता. दादा पुढे येऊन तिने काढलेले दोन्ही कागद हातात धरून बघत राहिला.

"म्हणजे मी एका रेघेपायी..."

"चल. डॉक्टर सहापर्यंतच असतात."

पाय वाचला, अंगठा गेला. महाराजांना मात्र दुसरं सभागृह मिळेल, दुसरा चेलाही मिळेल. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच म्हणा, "पुन्हा करून दाखवा, या खेपेला बटण आम्ही दाबतो." दादा आता लंगडत जाऊन गल्लोगल्ली हेच सांगतो.