फाटक कुणाच्या बाजूला

मॅलकी मॅगोल्ड्रिक ड्रमकीलला आला तो डेअरीतल्या नोकरीसाठी. शेतकऱ्यांच्या दुधाला फॅट किती लागतं ते बघायचं, हे त्याचं काम. कुणी कितीही जवळचा असो, नळीत आकडा जिथे थांबला तोच त्याने वहीत लिहिला. पुढे डेअरी बंद पडली, मॅलकी निवृत्त झाला, तरी धाकटी बहीण अट्रॅक्टा आणि तो तिथेच राहिले. दोघांची लग्नं झाली नव्हती. गावात येऊन तेहतीस वर्षं झाली होती, आणि गावाच्या हिशेबी ते अजून ‘स्लायगोकडचे’, म्हणजे बाहेरचेच होते.

ड्रमकीलची तीन फुटी नॅरोगेज रेल्वे मॅलकी तिथे येण्याच्या कितीतरी आधी बंद झाली होती. रूळ उचलले गेले, स्टेशनच्या इमारतीत कुणीतरी मेंढ्यांचं खाद्य ठेवायला लागलं. मॅलकीने ती गाडी चालताना कधी पाहिली नव्हती. कदाचित म्हणूनच तो तिच्यामागे लागला असावा. चर्चच्या हॉलमागची खोली फादरनी त्याला वापरायला दिली, आणि तिथे अकरा वर्षं खपून त्याने ड्रमकील स्टेशन छोट्या प्रतिकृतीत पुन्हा उभं केलं. एका फुटाला चार मिलिमीटर हे प्रमाण. रूळ बारा मिलिमीटर अंतरावर, एकेक स्लीपर हाताने कापलेला. पितळी पत्रा वाकवून केलेलं चार नंबरचं इंजिन, एक डबा, कोळशाच्या पाच वाघिणी. काळ ठरलेला होता: जुलै १९५६, लाईनचा शेवटचा उन्हाळा. त्यानंतर बसवलेला विजेचा खांब कुणी सुचवला तर मॅलकी ऐकूनही घ्यायचा नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी, चर्चमधली प्रार्थना, मास, संपली की तो गाड्या चालवायचा. जुन्या वेळापत्रकाप्रमाणे. मदतीला पॅकी गिलहीनी. पॅकी शेतकरी, मॅलकीपेक्षा दोन वर्षांनी लहान, आणि गावात मॅलकीला मित्र म्हणता येईल असा हा एकच. मॅलकीची आई गेली तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला माणूस कमी पडत होता; पॅकी दूध काढायचं टाकून आला होता. स्टेशनातल्या रुळांचे सांधे बदलायचं काम त्याच्याकडे होतं, आणि ते तो जीभ दातात धरून, मन लावून करायचा.

त्या वर्षी ईस्टरला मॅलकीने प्रतिकृतीची शेवटची फळी जोडली. स्टेशनपासून अर्ध्या मैलावरचा भाग. तिथे लाईनच्या एका अंगाला गिलहीनींची शेतं, दुसऱ्या अंगाला किर्ननांची. कुंपणात एक छोटं शेतफाटक आणि त्याला लागून रेल्वेची लाकडी खोली. हे फाटक नकाशात नव्हतं, कारण नकाशा त्याहून जुना होता. मॅलकीकडे एक फोटो होता. रेल्वेगाड्यांचे फोटो काढत हिंडणारा एक इंग्रज १९५६ साली इकडे आला होता. तो वारल्यावर त्याच्या मुलीने एक लिफाफा मॅलकीला पाठवला, त्यातला हा. मागे पेन्सिलीने लिहिलेलं: ‘ड्रमकीलकडे तोंड करून.’ फोटोत फाटक डाव्या हाताला होतं. ड्रमकीलकडे तोंड केलं की डावा हात म्हणजे किर्ननांची बाजू. मॅलकीने फाटक किर्ननांच्या बाजूला लावलं.

एरवी याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण त्याच वसंतात फिलोमेना किर्ननने जुन्या लाईनच्या पट्टीवर तार ओढली. फिलोमेना विधवा, साठीची, ताठ. तिच्या पुतण्याला त्या बाजूला घर बांधायचं होतं. ती पट्टी आता नुसती हिरवळ होती, आणि पॅकी, त्याच्या आधी त्याचा बाप, पन्नास वर्षं तिथून गायी मागच्या रानात नेत आले होते. तार लागल्यावर पॅकीला गुरं मोठ्या रस्त्याने दोन मैल वळसा घालून न्यावी लागायला लागली, ट्रकवाल्यांच्या शिव्या खात. रूळ उचलले तेव्हा ज्याच्या शेताचं फाटक लाईनवर उघडत होतं त्याला ती पट्टी मिळाली, एवढं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फाटक कुणाचं, ते सांगू शकणारी माणसं मात्र आता कबरस्तानात होती, आणि कागद कुठल्याच कचेरीत सापडत नव्हता; प्रकरण दोघांच्या वकिलांकडे गेलं होतं.

एप्रिलच्या रविवारी पॅकीने नवी फळी पहिल्यांदा पाहिली. तो वाकला, बराच वेळ बघत राहिला. खोलीत तेव्हा दोघंच होते.

“फाटक चुकलंय तुझं, मॅलकी.”

“काय चुकलंय?”

“बाजू चुकलीय. ते आमच्या अंगाला होतं. बाप सांगायचा माझा. पावसाळी दिवसात तिथल्या चिखलात त्याचा बूट रुतून बसला आणि तो एका पायावर उड्या मारत घरी आला, म्हणून आजीने धोपटला होता त्याला.”

“बूट रुतला म्हणजे फाटक तुमचं होत नाही.”

“आमच्या फाटकात रुतला, असं म्हणायचा.”

“माझ्याकडे फोटो आहे, पॅकी.”

“असेल. अरे, दोन पेरांएवढं तर फाटक आहे. उचल आणि पलीकडे लाव. पाच मिनिटांचं काम.”

मॅलकी चष्मा पुसायला लागला. अशा वेळी तो नेहमी चष्मा पुसायचा. “तुझ्या भांडणासाठी मी माझं फाटक हलवू?”

पॅकीचा चेहरा हळूहळू लाल झाला. “मी तुला भांडणासाठी हलव म्हटलं नाही. चुकलंय म्हणून हलव म्हटलं.”

“मग काहीतरी पुरावा आण.”

“बापाचा शब्द आणलाय की. अजून काय आणू, त्याचा बूट?”

त्या दिवशी चार दहाच्या गाडीसाठी पॅकीने सांधे बदलले नाहीत. टोपी घालून तो निघून गेला आणि मेच्या रविवारी आलाच नाही. सांध्यांवर अट्रॅक्टाला बसवावं लागलं. तिला गाड्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. मांडीवर विणकाम घेऊन ती बसायची आणि भाऊ ओरडला की खटका दाबायची.

पॅकी आपल्याला खोटं बोलायला सांगत होता, असं मॅलकीच्या मनाने घेतलं. डेअरीच्या दिवसांत असं सांगणारे पुष्कळ भेटले होते. ‘अर्धा पॉइंट वर घे रे, कोण बघतंय?’ त्यांचा त्याला राग यायचा नाही. पॅकीचा आला.

गोष्ट फिलोमेनापर्यंत पोचायला आठवडाही लागला नाही. ती स्वतः खोलीवर आली, बरोबर तिच्या वकिलाने पाठवलेला मोजणीवाला. त्याने फळीचे चहूबाजूंनी फोटो घेतले.

“मिस्टर मॅगोल्ड्रिक,” फिलोमेना म्हणाली, “लोक काही म्हणोत, तुमचं काम चोख. तुम्ही कुणाच्या बापाचंही ऐकणार नाही, हे मी वकिलांना सांगितलंय.”

“मी फोटोवरून केलंय, मिसेस किर्नन.”

“तेच म्हणते मी.”

ठरलं असं की जूनच्या पहिल्या गुरुवारी मॅलकीने मूळ फोटो घेऊन तालुक्याला वकिलाच्या ऑफिसात जायचं, आणि तो कुठून आला, कधीचा आहे, ते लिहून सही करून द्यायची. पॅकीच्या वकिलानेही हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला त्याच्याकडे एका बुटाशिवाय काही नव्हतं.

गुरुवारी सकाळी मॅलकी दाढी करत होता. फोटो स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भिंगाखाली ठेवलेला. अट्रॅक्टा त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. तीस वर्षं तिने शर्टांच्या कारखान्यात काढली होती, त्यातली बावीस नुसती काजं-बटणं करण्यात. इस्त्री उभी करून ती चहा ओतायला वळली आणि जाता जाता भिंगातून डोकावली.

“मॅलकी,” तिने हाक मारली, “हा गार्ड बाईचा कोट घालून का उभा आहे?”

“काय?”

“बाईचा कोट घातलाय त्याने. ये, बघ.”

मॅलकी गालाला फेस तसाच ठेवून आला. फोटोत डब्याच्या पायरीवर गार्ड उभा होता. मॅलकीने तो शेकडो वेळा पाहिला होता. त्याची टोपी, शिट्टी, दिवा, सगळं त्याने जेमतेम इंचभराच्या गार्डवर रंगवलं होतं.

“पुरुषाच्या कोटाला डावी बाजू वर येते, बटणं उजवीकडे,” अट्रॅक्टा म्हणाली. “याची उजवी वर आलीय. आणि छातीवरचा खिसा बघ. उजव्या अंगाला. खिसा डावीकडे असतो.”

“उलटवलेला कोट असेल. त्या काळात झिजला की कोट उसवून आतली बाजू बाहेर करायचे. खिसा आपोआप पलीकडे जातो.”

“स्वतःचा कोट उलटवतील. कंपनीचा गणवेश कोण उलटवेल? आणि हा दुसरा? हा खोलीपाशी उभा आहे तो? त्याचंही तसंच. दोघंही एकाच दिवशी कोट उलटवून आले?”

मॅलकीने भिंग तिच्या हातातून घेतलं. दुसरा माणूस कुणी शेतकरी होता, आणि त्याने लाकडी खोलीला सायकल टेकवली होती. सायकलचं तोंड डावीकडे होतं, आणि साखळी दिसत होती. सरळ समोर दिसत होती. मॅलकी स्वतः वीस वर्षं सायकलवरून डेअरीत गेला होता. साखळी दिसत असेल तर सायकलचं तोंड उजवीकडे हवं. जगात कुठेही गेलं तरी.

मागचा डोंगर ढगात होता, इंजिन वळणापलीकडे, त्यामुळे ओळखीची खूण किंवा वाचता येईल असं एक अक्षर फोटोत नव्हतं. छापताना कुणीतरी निगेटिव्ह उलटी ठेवली होती, डावं ते उजवं झालं होतं. बस, एवढंच.

“चहा गार होतोय,” अट्रॅक्टा म्हणाली. मग त्याच्याकडे बघून तिने शेगडी बारीक केली आणि इस्त्री बंद केली.

मॅलकी बसून राहिला. गालावरचा फेस वाळला. हे आता फक्त या स्वयंपाकघरातल्या दोघांना माहीत होतं. वकिलाला काजाबटणांत रस नव्हता. सही करून परत आलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं, आणि चोख माणूस ही गावाने त्याला दिलेली एकच गोष्ट तशीच राहिली असती. याचा त्याने विचार केला नाही असं नाही. साधारण एक कप चहा होईपर्यंत केला. पण त्याहून जास्त वेळ तो दुसऱ्याच गोष्टीपाशी अडकून होता: महिनाभराहून जास्त पॅकीला तो मनातल्या मनात खोटारडा म्हणत आला होता.

त्याने उरलेली दाढी केली, तो शर्ट घातला, आणि बस पकडायच्या आधी किर्ननांच्या घरी गेला. फिलोमेना टोपी घालून तयारच होती.

त्याने सगळं सांगितलं. गार्ड, खिसा, सायकल. भिंगही बरोबर नेलं होतं. तिने भिंगातून पाहिलं नाही.

“म्हणजे तुम्ही चुकलात.”

“हो. मी चुकलो.”

“मोजणीवाल्यासमोर मी तुमच्या नावाची ग्वाही दिली.”

“मला माहीत आहे, मिसेस किर्नन.”

“कालपर्यंत सगळं ठीक होतं. आज एकदम सायकल दिसली?”

“आज दिसली.”

“गिलहीनीने काय दिलं तुम्हाला?”

“त्याला अजून ठाऊकही नाही.”

 तिने टोपीची टाचणी काढली, टोपी टेबलावर ठेवली. “बाहेरच्या माणसावर विसंबले, माझंच चुकलं,” ती म्हणाली आणि दार उघडून धरलं.

मॅलकीने वकिलाकडे जाऊन फोटो उलटा छापला असल्याचं लिहून दिलं, खाली सही केली. वकिलाने दोनदा विचारलं, खात्री आहे का. मोजणीवाला हसू दाबत होता. ऑगस्टात तार निघाली. पुतण्याने घर चर्चच्या रस्त्याला बांधलं. त्यानंतर दोन वर्षं फिलोमेना मासमध्ये मॅलकीच्या बाकावरून पुढे जायची ती भिंतीकडे बघत.

पॅकीने निरोप पाठवला नाही, आभार तर नाहीतच. सप्टेंबरात एका संध्याकाळी मॅलकी मुद्दाम त्या पट्टीने चालत गेला. गायी परत येत होत्या, मागे पॅकी.

“पाऊस येणार,” पॅकी म्हणाला.

“दिसतंय तसं.”

गायी दोघांमधून निघून गेल्या. मॅलकीने चष्मा काढला, पण पुसला नाही.

“मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता, पॅकी.”

“माझ्यावर कशाला? मी तर तेव्हा लंगोटात होतो.” पॅकीने काठीने एक दगड बाजूला सारला. “बापावर ठेवायचा होतास. तो काही गोष्टींत थापा मारायचा. मासे, पोरी, किती प्यायलो ते. पण मार खाल्ल्याच्या गोष्टी कुणी बनवून सांगत नाही रे.”

“फळी कापून पुन्हा करतोय.”

“सगळी?”

“नुसतं फाटक हलवून भागत नाही. चर आहे, कुंपण आहे, खोली आहे. सगळं पलीकडे जातं.”

“करशील मग,” पॅकी म्हणाला. “तुला वेळच वेळ आहे.” आणि गायींच्या मागे निघाला. रविवारी येतोस का, हे विचारायचं मॅलकीच्या ओठांवर आलं होतं. त्याने विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात काम उरकलं नाही. खोलीत इतका गारठा होता की गोंद धरत नव्हता, आणि कुंपणाची झुडपं दोनदा उपटून पुन्हा लावावी लागली. फळी मार्चमध्ये जोडून झाली. शेवटच्या रविवारी नऊ माणसं बघायला आली. पॅकी त्यांच्यात होता. मागच्या बाकावर, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला, अट्रॅक्टाने दिलेला मनुकांचा ब्रेड खाल्ला, आणि गाडी वळणावरून जाईपर्यंत थांबून, कुणाशी न बोलता, दूध काढायच्या वेळेला उठून गेला. एप्रिलमध्ये पुन्हा आला.