गाळणी लावलेला हात

मी चित्रविचित्र वाद्यं बनवते. वाद्यं म्हणजे काय, तर त्यांच्यातून स्वतःचा आवाज येत नाही. ती लॅपटॉपला नुसता मिडी नावाच्या यंत्रभाषेत निरोप धाडतात. हा सूर, इतका जोरात, आता थांब. आवाज काढायचं काम लॅपटॉपचं. एका बाईंना छत्री उघडून-मिटून वाजवायची होती, एका गृहस्थांना दाराची कडी. लोकांना काय वाट्टेल ते सुचतं आणि निस्तरायचं मी! पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा हातमोजा. घरात त्याला सगळे टक्या म्हणतात, कारण लहानपणी टेबल, बादली, माझं डोकं, जे दिसेल त्यावर टकटक करायचा. आता स्टेजवर उभा राहून रिकाम्या हवेत हात फिरवतो आणि लोक तिकीट काढून ऐकतात.

मोज्याच्या बोटांवर वाकणं मोजणाऱ्या पट्ट्या आहेत, पंजाच्या मागच्या बाजूला हालचाल मोजणारा सेन्सर. मूठ मिटली की सूर धरला जातो, हात वर नेला की सूर चढतो, खाली सैल सोडला की खर्जात लांबत राहतो.

हिवाळ्यापासून त्याची एकच भुणभुण होती. "ताई, खर्जात धरलेला सूर थरथरतो गं." मी सेन्सर बदलला. वायर बदलली. तरी तेच. मग वैतागून प्रोग्रॅममध्ये गाळणी घातली. आमच्या धंद्यात आकडा थरथरला की तो कचरा; गाळायचा आणि पुढे चालायचं. थोड्या दिवसांनी स्वारी परत हजर. मी गाळणी आणखी बारीक केली. दर वेळी त्याला सांगायचे, "सेन्सरच भिकार आहे रे, दुसरं काही नाही." तो हसत निघून जायचा.

आज दुपारी कार्यक्रमाच्या हॉलमध्ये त्याने नवीनच रडगाणं काढलं. सूर उशिरा येतो म्हणे. येणारच! इतक्या बारीक गाळणीतून यायचं म्हणजे वेळ लागणार. म्हटलं, आज मुळापासून बघू. स्टेजमागच्या खोलीत त्याला खुर्चीवर बसवलं आणि गाळणी साफ काढून टाकली.

"हात मांडीवर ठेव. अजिबात हलवू नकोस."

"नाही हलवत."

स्क्रीनवर सेन्सरची रेघ लाटा काढत चालली होती. सगळ्या लाटा एकसारख्या, बारीक, एकामागून एक. सैल वायर कशीही उड्या मारते. कचऱ्याला ताल नसतो. याला होता.

"हात उचल. पुढे कर." लाटा विरल्या. "ठेव खाली." परत सुरू झाल्या.

बाबांचं अगदी असंच सुरू झालं होतं. हात स्वस्थ असला की थरथरायचा, कप उचलला की थांबायचा, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. पुढे शर्टाची बटणं लागेनात, मग घास तोंडापर्यंत जाईना, शेवटी ते अंथरुणाला खिळले. डॉक्टर म्हणाले होते, हा कंपवात, वेळेवर आला असतात तर औषधांनी बरीच वर्षं हात चालला असता. आणि हेही म्हणाले होते की हे पोरांमध्ये उतरू शकतं. त्यावर आम्ही भावंडं आजवर एक शब्द बोललो नव्हतो.

"मोजा काढ," मी म्हणाले.

"का?"

"काढ म्हटलं ना! सतरा प्रश्न नको विचारूस."

त्याने काढला. मी माझ्या हातात चढवला, पण हात मांडीवर टेकवायची हिंमत होईना. शेवटी टेकवला आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा रेघ सरळ होती. सुटले बाई, असं मनात आलं. लगेच स्वतःची किळस आली, कारण तो समोर बसून माझ्याकडेच बघत होता.

"तुझी सरळ आहे," तो म्हणाला.

"मोज्यातला बोर्ड तापला असेल मघाशी. थांब, मी जरा..."

"ताई, मला माहितीये."

"काय माहितीये?"

"पेपर वाचताना. टीव्ही बघताना. हात नुसता पडलेला असला की."

"मग डॉक्टरकडे जायचं सोडून माझ्याकडे कसले खेटे घालत होतास, गाढवा?"

"तू म्हणायचीस, सेन्सर भिकार आहे. तेवढ्यावर मला थोडे दिवस झोप लागायची."

त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. तेवढ्यात साउंडवाल्याने दारातून डोकं आत घातलं. "लोकांना आत सोडतोय, आटपा!" म्हणाला आणि गेला. खुर्च्या सरकल्याचे आवाज यायला लागले.

"गाळणी लाव परत," टक्या म्हणाला. "आणि ते एकदा म्हण ना. सेन्सरचं."

जिभेवर आलं होतं. म्हटलं असतं तर तो मजेत वाजवून आला असता, रात्री झोपला असता, आणि पुढच्या महिन्यात परत मोजा घेऊन माझ्या दारात. मी नकारार्थी मान हलवली.

"सेन्सर चांगला आहे रे. उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं. मी येतेय बरोबर."

मी मोजा त्याच्या हातात चढवला, मनगटाचा पट्टा आवळला. हात माझ्या हातात होता तोवर स्थिर होता.

"ताई," तो म्हणाला, "बाबांना कुशीवर वळवायला आपण दोघं लागायचो. मला तू एकटी वळवशील?"