लिंबावर मोडलेला अ‍ॅक्सल

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचा मागचा अ‍ॅक्सल आहे. म्हणजे नेमकं काय, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. माझ्या मालकांच्या चिरंजीवांनाही ते ठाऊक नव्हतं. इंजिन जोर करतं आणि तो जोर मागच्या चाकांपर्यंत मी पोचवतो. राहायला गाडीच्या पोटाखाली. शेण, चिखल आणि चालत्या स्कूटरवरून टाकलेल्या पिचकाऱ्या, एवढंच माझ्या वाट्याला आलं.

मला घडवलं चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनासाठी. सदाशिव पेठेतल्या दिगंबरपंतांनी आम्हाला पन्नास वर्षं जपून चालवलं. क्लच असा अलगद सोडत, की शेजारी बसलेल्या उल्काताईंच्या मांडीवरचा डबा हलत नसे. दसऱ्याचा हार मात्र दरवर्षी पुढच्या बॉनेटला. मला कधी एक फूल मिळालं नाही. तेही मी चालवून घेतलं.

पुढे गुडघ्यांमुळे पंतांचं चालवणं सुटलं आणि गाडी धूळ खात पडली. उल्काताईंची एकच इच्छा होती, याच गाडीतून एकदा सासवडला माहेरी जायची. "यंदा दसऱ्याला नेतो," असा शब्द चिरंजीव आमोदने दिला. मग त्याने गाडी बिबवेवाडीला बापूराव मिस्त्रींकडे नेली, आणि म्हणाला, तिप्पट ताकदीचं इंजिन बसवा.

बापूराव माझ्याजवळ आडवे झाले. मला हाताने चाचपलं. म्हणाले, "साहेब, इंजिन बसंल. पण ह्यो मागचा अ‍ॅक्सल त्याला पुरायचा न्हाई. हळू चालवली तर निभंल. उभ्या गाडीला झटका दिला, की दांडा तुटला. दुसरा जाड घालू."

"गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सगळे म्हणतात, स्टॉक, म्हणजे कंपनीचा मूळ अ‍ॅक्सल आरामात हँडल करतो," आमोद मोबाइलमध्ये बघत म्हणाला. "आणि खालचं कोणाला दिसतंय?"

"दिसत न्हाई, म्हनून तर सांगतोय."

आमोदने ऐकलं नाही. गाडीला लालभडक रंग आला, गाणी वाजवायला मोठे डबे आले, रस्त्याला घट्ट धरणारे रुंद टायर आले. आत असलं उग्र अत्तर मारलं, की खाली मला मळमळलं. माझ्यावरचा जुना चिखलसुद्धा कोणी खरवडला नाही.

दसरा उजाडला. पंत नवं धोतर नेसून मागे बसले, उल्काताई मांडीवर डबा घेऊन. हार बॉनेटला. चाकांखाली लिंबं. हळूच गाडी पुढे घ्यायची, लिंबू चिरडायचं, निघायचं. एवढाच तो विधी. पण आमोदला त्याचा व्हिडिओ हवा होता. भावकीतल्या सौमित्रला त्याने मोबाइल धरायला लावला, इंजिन गर्जेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि क्लचवरचा पाय एकदम काढला.

जुने अरुंद टायर असते, तर चाक जागच्या जागी फिरून मी वाचलो असतो. नव्यांनी रस्ता सोडला नाही. इंजिनाने पिळलं, टायरने धरून ठेवलं, आणि मधल्या मध्ये मी तुटलो. इंजिन वर बोंबलत राहिलं. गाडी तसूभर हलली नाही. लिंबू होतं तसं होतं.

"अहो, काय मोडलं?" उल्काताईंनी विचारलं.

पंत उतरले. गाडीला धरून, कण्हत, कसेबसे रस्त्यावर बसले आणि वाकून माझ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. "याला आपण कधी विचारलंच नाही," ते म्हणाले.

दोघं सासवडला बसने गेली. दोन दिवसांनी बापूरावांनी मला बाहेर काढलं, तेव्हा उल्काताईंनी बॉनेटवरचा सुकलेला हार काढून माझ्यावर ठेवला. मला त्याची शिसारी आली. तुटल्यावर हार घालायची ही तुमची रीत; माणसांच्या बाबतीतही तुम्ही तेच करता.

मित्रांनो, फुलं नकोत मला. कोणावर नवा भार टाकाल, तेव्हा आधी खाली वाकून त्याला झेपेल का, तेवढं बघा. पंत दुखऱ्या गुडघ्यांनी वाकले. आमोदचे गुडघे ठणठणीत आहेत. तो अजून वाकलेला नाही.